घाटातले कान आणि समुद्रातली नळी

बुलढाण्याहून एस.टी.ने मलकापूरला जाताना राजूरचा घाट लागतो. गाडी घाट उतरू लागली की थोड्याच वेळात कान दडपल्यासारखे होतात. शेजारच्या माणसाचे बोलणे लांबून आल्यासारखे वाटते. मग कोणी जांभई देतो, कोणी आवंढा गिळतो, कानात बारीकसा ‘टक्’ असा आवाज होतो आणि कान मोकळे होतात. आपल्या जिल्ह्यातील मुलांना हा अनुभव इतका सवयीचा झाला आहे की त्याबद्दल कोणी प्रश्न विचारीत नाही. पण समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलाला समुद्राच्या पाण्यात डोके घालण्यापूर्वी जे शास्त्र समजून घ्यावे लागते, त्याचा पहिला धडा या घाटातच मिळतो.

तो कसा, ते पाहू. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. मलकापूर २५० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे घाट उतरून मलकापूरपर्यंत पोचलेल्या माणसाच्या डोक्यावर हवेचा सुमारे ४०० मीटर उंचीचा जादा थर येतो. आपल्याकडच्या उबदार हवेच्या एका घनमीटरचे वजन साधारण १.१५ किलोग्रॅम भरते. तेव्हा एक चौरस मीटर जागेवर ४०० × १.१५ = ४६० किलोग्रॅम इतका भार वाढला. आता पाण्याचा विचार करा. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम. म्हणजे ४६० किलोग्रॅमचा भार पडण्यासाठी पाण्याचा फक्त ४६ सेंटीमीटरचा थर पुरे. जुन्या मापात सांगायचे तर हातभर पाणी! बुलढाण्यापासून मलकापूरपर्यंतच्या सगळ्या वळणांनी कानावर जेवढा दाब वाढवला, तेवढाच दाब हौदात हातभर खोल बुडी मारली की दोन सेकंदांत वाढतो.

हा हिशेब आणखी पुढे नेऊ. बुलढाण्याहून निघून थेट समुद्रकिनारी पोचलो, तर ६५० मीटर खाली आलो. ६५० × १.१५ म्हणजे जवळजवळ ७५० किलोग्रॅम, अर्थात पाऊण मीटर पाणी. सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि कमरेच्याही खालपर्यंत येणारे पाणी, या दोहोंची किंमत कानाच्या पडद्याला सारखीच. पाण्यात उतरणाऱ्याने ही तुलना मनात पक्की ठेवावी. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो हे पुस्तकात वाचलेले असते, पण पाण्याचा समुद्र किती जड आहे याची कल्पना त्यावरून येत नाही.

जीपमधील बाटली

समजा, तुम्ही सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक असे मिळून जीपने मालवणला निघाला आहात. मोठी सहल नको, लहान गटच बरा. त्याचे कारण पुढे येईल. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, सातारा असे करत पहिल्या दिवशी कोल्हापूर गाठावे आणि तेथे मुक्काम करावा. रात्रभर गाडीत जागून सकाळी पाण्यात उतरणे चांगले नाही. थकलेल्या माणसाला थंडी लवकर वाजते, पेटके येतात आणि त्याचे लक्षही ठिकाणावर राहत नाही. दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर मार्गाने फोंडा घाट उतरला की कणकवली, कसाल आणि मग मालवण.

निघताना बुलढाण्यात सकाळच्या सावलीत एक लिटरची पातळ प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, तिचे बूच घट्ट लावा आणि ती पिशवीत टाका. बाटलीत पाण्याचा थेंब नसावा. फोंडा घाट उतरून खाली आल्यावर ती काढून पाहा. कोणी हाताने दाबल्यासारखी तिची कूस आत गेलेली दिसेल. बुलढाण्यात कोंडलेली हवा ही कमी दाबाची हवा होती. किनाऱ्यावरच्या जास्त दाबाने ती चेपली गेली. बॉइलच्या नियमाने हिशेब केला तर एक लिटर हवेचे आकारमान सुमारे ७५ घन सेंटीमीटरने कमी व्हायला हवे. ते मोजायचे कसे? सोपे आहे. चेपलेली बाटली पाण्याने भरलेल्या बादलीत उलटी धरून पाण्याखालीच तिचे बूच काढा. बाटली पुन्हा फुगेल आणि जेवढी हवा कमी झाली होती तेवढे पाणी आत येईल. ते मोजपात्रात ओता.

शिक्षकांसाठी एक सूचना. तापमानाकडे लक्ष ठेवावे. तापमान तीन अंशांनी उतरले तर हवेचे आकारमान जवळजवळ एक टक्क्याने कमी होते. बुलढाण्यात उन्हात तापलेली बाटली बंद केली आणि मालवणला रात्री मोजली, तर तापमानाने केलेले आकुंचन दाबाच्या नावावर जमा होईल. दोन्ही वेळा तापमान नोंदवावे आणि ही दुरुस्ती मुलांकडूनच करवून घ्यावी. फळ्यावरच्या दहा उदाहरणांपेक्षा या एका दुरुस्तीतून त्यांना वायूचे नियम अधिक समजतील.

घाटात आपल्या कानाचे जे होते ते या बाटलीसारखेच. कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूस हवेने भरलेली लहानशी पोकळी असते. ती एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. ही नळी एरवी मिटलेली असते आणि आवंढा गिळताना किंवा जांभई देताना उघडते. ती उघडली की बाहेरची हवा आत शिरते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि पडदा पूर्ववत होतो. आपल्या बाटलीचे बूच क्षणभर उघडल्यासारखेच हे आहे. सर्दीत ही नळी सुजून बंद होते, म्हणून सर्दी झाली असताना घाटात कान दुखतात. घाटात नुसते दुखण्यावर भागते, पण पाण्यात दाब फार झपाट्याने वाढतो. बूच न उघडलेल्या कानाने दोन-तीन मीटर खाली गेल्यास पडद्याला इजा होऊ शकते. सर्दी असलेल्याने त्या दिवशी बोटीत बसून राहावे, त्यात कमीपणा नाही.

हातभर नळी

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू करविले. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर समुद्रात प्रवाळ वाढतात. ते पाहण्यासाठी पर्यटक तोंडावर काचेचा मुखवटा लावतात, वाकडी नळी दातांत धरतात आणि पाण्यावर पालथे तरंगतात. नळीचे वरचे टोक पाण्याबाहेर राहते, त्यामुळे डोके वर न काढता श्वास घेता येतो. या खेळाला स्नॉर्केलिंग म्हणतात आणि नळीला स्नॉर्कल. पोहणे फारसे येत नसले तरी तरंगण्याचे जाकीट घालून आणि सोबत माहीतगार माणूस ठेवून हे करता येते.

नळी हातात घेतली की कोणत्याही चौकस मुलाच्या मनात एक प्रश्न येतो. ही एवढी आखूड का? जेमतेम ३५ ते ४० सेंटीमीटर. दोन मीटरची नळी केली असती तर तळाशी बसून निवांत मासे पाहता आले असते. चित्रपटात नाही का, शत्रू मागे लागला की नायक तळ्यात बुडी मारतो आणि देवनळाची पोकळ काडी तोंडात धरून तळाशी तासन्‌तास बसतो!

तो नायक खरा असता तर दुसऱ्याच श्वासाला वर आला असता. का, ते एका प्रयोगाने पाहा. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात, तिचा दोन मीटरचा स्वच्छ तुकडा घ्या. एक टोक पिण्याच्या पाण्याच्या बादलीत ठेवा, नळी उभी धरा आणि दुसऱ्या टोकातून पाणी वर ओढा. मात्र गालांनी चोखायचे नाही. तोंड सैल ठेवून फक्त छाती फुगवून ओढायचे. गालांनी चोखले तर पाणी बरेच वर चढते, पण गालांनी श्वास घेता येत नाही. छातीचा सगळा जोर लावून धडधाकट मोठ्या माणसाला क्षणभर एखाद्या मीटरपर्यंत पाणी ओढता येते. मुलांना त्याहून कमी. आणि अर्ध्या मीटरवर पाणी तोलून धरून त्याच स्थितीत शांतपणे श्वासोच्छ्वास करून पाहा. चार-पाच श्वासांतच दमायला होईल.

पाण्याखाली लांब नळीने श्वास घेणाऱ्याची स्थिती नेमकी हीच असते. नळीतून येणारी हवा पृष्ठभागावरच्या दाबाची, आणि छातीला बाहेरून दाबणारे पाणी मात्र खोलीच्या दाबाचे. छातीच्या पुढच्या बाजूचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटीमीटर धरू. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅम भार, म्हणजे एकूण ६० किलोग्रॅम. दोन मीटरवर १२० किलोग्रॅम. क्विंटलाचे पोते छातीवर ठेवून श्वास घ्या असे म्हटले, तर तुम्ही घ्याल का? एवढेच नव्हे, बाहेरचे पाणी शरीराला दाबते आणि फुप्फुसांत मात्र कमी दाबाची हवा असते. त्यामुळे रक्त छातीकडे ढकलले जाते, आणि फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांवर ताण येतो. पालथे तरंगताना छाती पाण्याखाली फक्त वीतभर असते. तेवढा भार स्नायूंना सहज पेलतो. नळी आखूड ठेवण्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण हवेच्या जमाखर्चाचे आहे. शांत स्थितीत मोठा माणूस एका श्वासात सुमारे ५०० घन सेंटीमीटर हवा आत घेतो. त्यातली १५० घन सेंटीमीटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. फुप्फुसांच्या ज्या भागात रक्ताला प्राणवायू मिळतो तिथपर्यंत ती पोचतच नाही. आता तोंडात दोन सेंटीमीटर व्यासाची ३८ सेंटीमीटर लांब नळी आली. तिचे आकारमान ३.१४ × १ × १ × ३८, म्हणजे सुमारे १२० घन सेंटीमीटर. उच्छ्वासाच्या शेवटी या नळीत आपलीच वापरलेली हवा उरते आणि पुढच्या श्वासात प्रथम तीच आत जाते. तेव्हा ५०० मधून १५० आणि १२० वजा जाता ताजी हवा मिळाली २३०. घाबरलेला माणूस भराभर उथळ श्वास घेतो. त्याचा श्वास ३०० चा असेल तर ताजी हवा उरते फक्त ३०! तो अधिकाधिक वेगाने श्वास घेतो आणि तरीही गुदमरतो. उलट एखाद्याने सावकाश ८०० चा खोल श्वास घेतला तर ५३० ताजी हवा मिळेल. नळी लावल्यावर सावकाश आणि खोल श्वास घ्या असे बोटीवरचा माणूस सांगतो, त्याच्यामागे ही साधी वजाबाकी आहे. नळी एक मीटर लांब केली तर काय होईल, ते तुम्हीच काढा.

मग पाणबुडे खोल कसे जातात? ते पाठीवरच्या टाकीतून हवा घेतात. टाकीला जोडलेले यंत्र प्रत्येक श्वासाला भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरवते. बाहेरून दाब वाढला तसा आतूनही वाढतो, म्हणून छातीला जोर पडत नाही. हे यंत्र कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ साली सिद्ध केले. यालाच स्कूबा म्हणतात. मात्र दाबाखालच्या हवेतील जादा नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडावा लागतो. म्हणूनच स्कूबा केल्यावर बारा ते अठरा तास विमानात बसू नये असे शिकवतात. तोच विचार घाटालाही लागू पडतो. मालवणला टाकी लावून खोल बुडी मारायची आणि दुपारी फोंडा घाट चढून कोल्हापूरकडे सुटायचे, असा बेत आखू नये. नळीने पोहणाऱ्याला ही अडचण नाही, कारण तो पृष्ठभागावरचीच हवा घेत असतो.

विहिरीतील पैज

येथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण ती समुद्रापेक्षा आपल्या विहिरींना आणि धरणांना अधिक लागू आहे. उन्हाळ्यात विहिरीवर मुले पैज लावतात, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो? पैज जिंकण्यासाठी एक युक्तीही प्रचलित आहे. बुडी मारण्यापूर्वी वीस-पंचवीस वेळा भराभर खोल श्वास घ्यायचे. त्याने दम जास्त टिकतो, हे खरे आहे. पण का टिकतो हे कळले तर तुम्ही ही युक्ती पुन्हा करणार नाही.

श्वास रोखल्यावर ‘आता श्वास घे’ अशी जी तळमळ सुरू होते, ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्याने होत नाही. ती रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने होते. मेंदूने घराच्या दारावर ठेवलेला हा पहारेकरी आहे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र धुऊन निघतो. म्हणजे आपण पहारेकऱ्यालाच झोपवतो. पाण्याखाली प्राणवायू संपत येतो, पण तळमळ सुरू होत नाही. पोहणाऱ्याला उलट बरे वाटत असते. आणि मग कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते.

त्यात खोलीची भर पडते. विहिरीत पाच मीटर खाली एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे दीडपट असतो, म्हणून फुप्फुसातला उरलासुरला प्राणवायूही दाबाने रक्तात ढकलला जातो. वर येताना दाब उतरतो आणि हा आधार नाहीसा होतो. त्यामुळे वर येता येता, अगदी शेवटच्या हातभर पाण्यात शुद्ध जाण्याचा संभव सर्वांत जास्त. असा मुलगा ओरडत नाही, हातपाय मारत नाही. काठावरच्यांना वाटते, पठ्ठ्या पैज जिंकतो आहे. चांगले पोहता येणाऱ्यांनाच हा धोका अधिक असतो, कारण न येणारा ही पैज लावतच नाही.

लहान गटाने जावे असे आरंभी म्हटले, त्याचे कारण हेच. सहा मुलांच्या तीन जोड्या होतात. प्रत्येकाने आपल्या जोडीदारावरच नजर ठेवायची आणि वाटाड्याने तीनदा मान वळवली की सगळी डोकी मोजून व्हावीत. चाळीस मुलांत हे जमत नाही.

चौथ्या हिश्शाने लहान मासा

विहिरीत डोळे उघडून पाहिले असेल तर सगळे पुसट दिसते हे तुम्हाला माहीत आहे. डोळ्यात भिंग असते हे आपण शिकतो, पण प्रकाशकिरण वळवण्याचे निम्म्याहून जास्त काम त्या भिंगाच्या पुढे असलेला डोळ्याचा वक्र पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, करते. हवेचा अपवर्तनांक १ आणि पारपटलाचा सुमारे १.३८, म्हणून हवेतून येणारा किरण तेथे चांगला वळतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. पाणी आणि पारपटल यांत जवळजवळ फरकच नाही, म्हणून किरण वळत नाही आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे जाते. मुखवट्याची काच डोळ्यांपुढे हवेचा एक थर कायम ठेवते, एवढेच तिचे काम. मुखवट्यात नाकही झाकलेले असते, त्याचे कारण पुन्हा दाब. थोडे खाली गेल्यावर मुखवट्यातील हवा आकुंचन पावते आणि मुखवटा चेहऱ्याला चोखू लागतो. नाकातून किंचित हवा सोडली की तो सैल होतो. पोहण्याच्या साध्या चष्म्यात ही सोय नाही, म्हणून तो लावून खोल बुडी मारू नये.

मुखवट्यातून पाहताना पाण्यातील वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर भासते आणि तेवढ्या प्रमाणात मोठी दिसते. बादलीच्या तळाशी रुपया टाकून वरून पाहिलेत तर तो वर उचलल्यासारखा दिसतो, तोच हा परिणाम. तेव्हा बोटीवर परत आलेल्या मित्राने हात फाकून दाखवलेल्या माशाची लांबी चौथ्या हिश्शाने कमी करून ऐकावी. बाकीची अतिशयोक्ती त्याची स्वतःची.

पाणी आपल्याला किती उचलून धरते? तुमचे वजन ५० किलोग्रॅम आणि शरीराचे आकारमान ५० लिटर धरा. गोड्या पाण्यात तुम्ही जेमतेम तरंगाल. समुद्राच्या एका लिटर पाण्याचे वजन सुमारे १.०२५ किलोग्रॅम, म्हणून तेथे सव्वा किलोची जादा उचल मिळते. फुप्फुसात हवा भरून घेतली तर प्रत्येक लिटरमागे आणखी एक किलो. म्हणूनच खोल श्वास घेऊन स्थिर पडून राहणारा तरंगतो आणि धडपडणारा बुडतो. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातील मुलांना खारट पाणी नवे नाही, आणि लोणारचे सरोवर तर आपल्या जिल्ह्यातच आहे. पण लोणारला तरंगण्याचा प्रयोग करायला जाऊ नका. ते अभयारण्य आहे. शिवाय खारटपणा हे दोन्ही पाण्यांतील एक साम्य झाले, स्वभाव निराळा. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास तर समुद्राचा सुमारे ८.१. सामूच्या मोजपट्टीत एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, म्हणजे येथे फरक ऐंशी पटींच्या घरात जातो. लोणारमध्ये त्या पाण्याला सरावलेले सूक्ष्मजीव सुखाने राहतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेही मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळेच. प्रवाळाला मात्र तेथे एक दिवसही काढता येणार नाही.

पाय कोठे ठेवाल?

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो प्राण्यांची वसाहत आहे. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा. तो आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचत जातो आणि जिवंत भाग म्हणजे त्या सांगाड्यावरचे पातळ साल. त्या सालीच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. रंगही बराचसा त्याच्यामुळेच. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानेही अधिक तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. यास विरंजन म्हणतात. १९९८ साली आणि पुन्हा २०१४ ते २०१७ या काळात जगभर मोठी विरंजने झाली. २०२३ पासून आणखी एक सुरू झाले. मालवणच्या प्रवाळांतही विरंजन नोंदले गेले आहे.

मालवणला चित्रांत दिसणारी शिंगांसारखी प्रवाळांची रानेच्या राने नाहीत. येथे खडकाला बिलगलेले गोळे आणि पापुद्रेच पुष्कळ. असे गोळे वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात. तुमच्या डोक्याएवढा गोळा तुमच्यापेक्षा वयाने मोठा नसला तर समवयस्क तरी नक्की आहे. नवख्या माणसाचा मुखवटा गळू लागला की तो घाबरून उभा राहायला जातो, आणि खाली जे लागेल त्यावर पाय देतो. पाय लागला की साल खरवडते आणि उघड्या सांगाड्यावर दुसरेच शैवाल पसरते. पायाने उडालेली रेती शेजारच्या प्रवाळांवर बसते आणि प्रकाश अडवते. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तरी किल्ल्याभोवतालच्या पर्यटनाने प्रवाळांना इजा होते असे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना दिसून आले आहे. मुखवट्यात पाणी गेले तर उभे राहायचे नाही. पाठीवर वळायचे, जाकिटाच्या आधाराने तरंगत मुखवटा रिकामा करायचा आणि पुन्हा पालथे व्हायचे. हे आधी कंबरभर पाण्यात, वाळूवर, दहा वेळा करून पाहावे. नळीत लाटेचे पाणी शिरले तर जोराने फुंकर मारून ते बाहेर उडवण्याची सवयही तेथेच करावी. फुंकर मारता यावी म्हणून श्वास कधी पूर्ण सोडू नये, थोडा राखून ठेवावा.

वेळ कोणती निवडावी? पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडा बंद असतात. हिवाळ्यात पाणी निवळते. भरतीची वेळ ठरवण्यासाठी कोकणात एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करा. द्वादशीला १२ ची पाऊणपट ९, म्हणजे पूर्ण भरती नऊच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाण्याला ओढ जास्त आणि गाळ ढवळलेला. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी शांत, पण मग भरती सहाला आणि दुपारी ओहोटी. सकाळच्या उन्हात पुरेसे पाणी आणि बेताची ओढ, या दोहोंचा मेळ घालायचा तर कोणती तिथी धरावी, हा हिशेब पंचांग घेऊन घरी करण्यासारखा आहे. ठोकताळा ढोबळ आहे. शेवटचा शब्द भरतीच्या छापील कोष्टकाचा आणि नाखव्याचा.

परत निघताना मालवणच्या धक्क्यावर तीच बाटली पुसून कोरडी करा आणि पुन्हा घट्ट बंद करा. आता ती घाट चढेल. बुलढाण्यात पोचल्यावर ती टणक फुगलेली लागेल आणि बूच फिरवताच ‘फुस्स’ असा आवाज येईल. एक लिटरच्या बाटलीतून किती घन सेंटीमीटर हवा बाहेर पडली, ते आधी गणिताने काढा. जाताना आकडा ७५ च्या जवळ आला होता. येताना तो तेवढाच यावा की थोडा जास्त? उत्तर काढून झाल्यावरच बूच उघडा. आणि बाहेर पडणारी हवा पाण्याने भरलेल्या उलट्या मोजपात्रात पकडायला विसरू नका.